शहराची मधली सुट्टी

"आई, या खेपेला तुम्ही दोघं चार दिवस टोरंटोला जाऊन या ना. मस्त सिटी ब्रेक घ्या," असं लेक फोनवर म्हणाली, तेव्हा मला आधी वाटलं, हिचं जावयाशी काहीतरी बिनसलंय. आईवडिलांना घराबाहेर काढायची इतकी गोड भाषा अमेरिकेतच शिकवत असावेत. मग तिने समजावून सांगितलं. सिटी ब्रेक म्हणजे टूर नव्हे. गाइड नाही, बस नाही, 'अकरा दिवसांत सात देश' नाही. एकच शहर घ्यायचं, तीन-चार दिवस राहायचं, पायी हिंडायचं, वाटेल तिथे बसायचं आणि परत यायचं.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्या सवयीने मी या प्रकाराचं लगेच मराठी करून टाकलं: शहराची मधली सुट्टी. डबा खायचा, नळाला ओंजळ लावून पाणी प्यायचं, जरा हुंदडायचं, घंटा झाली की मुकाट्याने वर्गात. वर्ग म्हणजे न्यू जर्सी. तिथे जूनपासून तीन महिने नातवाला सांभाळायची आमची ड्यूटी लागली आहे. तसं कुणी म्हणत नाही. "आईबाबा अमेरिका बघायला येतायत" असं म्हणतात.

अडचण एकच होती. टोरंटोत आमचं कुणी नाही.

ही गोष्ट सोसायटीत बोलायची सोय नाही. "टोरंटोला कोण असतं?" "कोणी नाही." "मग जाताय कशाला?" या प्रश्नाला मला आजतागायत उत्तर सुचलेलं नाही. आपला माणूस परदेशी जातो तो बाळंतपणाला, नाहीतर ग्रुप टूरला. बाळंतपणात शहर दिसत नाही आणि टूरमध्ये ते काचेबाहेरून पळत जाताना दिसतं. नुसतं एक शहर बघायला आपल्या पायांनी जाणं हे हॉटेलात एकटीने जेवायला बसण्यासारखं आहे. लोक वळून बघतात आणि घरी काय झालं असेल याचा अंदाज बांधतात.

पहिली पायरी व्हिसाची. आमच्या ह्यांचं म्हणणं, अमेरिकेचा व्हिसा आहेच, कॅनडा तर शेजारचाच दरवाजा. पण शेजारी झाला म्हणून बेल न वाजवता आत शिरता येत नाही. कॅनडाचा व्हिसा वेगळा, त्याचे माणशी १०० डॉलर वेगळे, बोटांच्या ठशांचे ८५ त्याहून वेगळे, आणि डॉलरही कॅनडाचे, म्हणजे अमेरिकेचे वेगळेच. फॉर्ममध्ये आईवडिलांच्या जन्मतारखा विचारल्या होत्या. सासऱ्यांची सोपी होती: १ जून. ज्या पोराची तारीख घरच्यांनाच ठाऊक नसे त्याला शाळेत नाव घालताना हेडमास्तर १ जून देऊन टाकत, हे मी मास्तरीण असल्यामुळे मला माहीत आहे. सासूबाई शाळेतच गेल्या नाहीत. त्यांचा जन्म 'नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, गाय व्याली त्या साली'. फॉर्मात तिथीला रकाना नाही, गाईला तर नाहीच. शेवटी आधार कार्डावरची १ जानेवारी टाकली. व्हिसा आला. कॅनडाने गाईबद्दल काही विचारलं नाही.

दुसरी पायरी नियोजनाची, आणि इथे मला आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे वीज मंडळातून निवृत्त झाले. उपकेंद्रावर अर्धं आयुष्य गेलं, त्यातली काही वर्षं भारनियमनाची वेळापत्रकं करण्यात. हा माणूस कुठल्याही चार दिवसांकडे एकाच नजरेने बघतो: कुठला भाग कधी चालू ठेवायचा आणि कुठला कधी बंद. जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरला, चार कोपऱ्यांवर चार स्टीलची भांडी ठेवली, आणि टोरंटोचे गट अ, ब, क, ड पाडले. गट अ, सकाळी साडेआठ ते साडेअकरा, सी. एन. टॉवर आणि परिसर. गट ब, दुपारी बारा ते तीन, राजवाडा. खाली बारीक अक्षरात टीप: 'तातडीच्या दुरुस्तीसाठी वेळेत बदल होऊ शकतो.' तातडीची दुरुस्ती म्हणजे माझे गुडघे.

"संध्याकाळी सात ते नऊ काय?" मी विचारलं.

"पीक अवर. भरपूर उजेड असतो. जूनमध्ये तिथे सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो."

म्हणजे दिवेलागण रात्री नऊला, शुभंकरोती नऊला आणि जेवण दहाला. नणंदेला हे कळवल्यावर ती म्हणाली, मग सोमवार कसा सोडतात गं तिकडे?

टॉवरवरून पहिली ठिणगी पडली. सी. एन. टॉवर ५५३ मीटर उंच. १९७६ साली लोकांसाठी उघडला. बांधला तिथल्या रेल्वे कंपनीने. पुढे तीस वर्षं जगात स्वतःच्या पायावर उभं असलेलं त्याच्याहून उंच काही नव्हतं, मग दुबईवाले पुढे गेले. वर ३४२ मीटरवर काचेची जमीन आहे. पायाखाली थेट रस्ता दिसतो. हे मला व्हिडिओ दाखवत होते. त्यात एक जाडजूड गृहस्थ त्या काचेवर उड्या मारत होते आणि मागे त्यांची बायको डोळे मिटून उभी होती. तिचा चेहरा मला ओळखीचा वाटला.

"सिंहगड याच्याहून उंच आहे आणि तिथे जमीन जमिनीचीच आहे," मी म्हणाले.

"वर फिरतं हॉटेल आहे. बहात्तर मिनिटांत एक फेरी."

सिंहगडावर बाई भाकरी फिरवते आणि आपण स्वस्थ बसून पिठलं खातो. इथे भाकरी नाही आणि फिरायचं आपणच. हा गट मी खालूनच बघायचा असं ठरलं. मला तिथे एक बाक हवा आहे, तो कागदावर दाखवायला ह्यांच्याकडे चिन्ह नाही.

राजवाड्याला मात्र मी हो म्हटलं, कारण त्याची गोष्ट सांगताना ह्यांचा आवाज कापरा झाला. कासा लोमा नावाचा तो वाडा हेन्री पेलॅट नावाच्या माणसाने १९११ ते १९१४ मध्ये बांधला. ९८ खोल्या. पैसा कुठून आला? विजेतून. टोरंटोला वीज पुरवणारा हाच, आणि नायगाऱ्याच्या पाण्यावर वीज करायचे हक्क मिळवणाऱ्यांतही हाच. पुढे वीज सरकारी झाली, पेलॅटच्या कमाईचा झरा आटला, घरपट्टी वाढत गेली. धड दहा वर्षंसुद्धा तो त्या घरात राहिला नाही. १९२४ मध्ये सामानाचा लिलाव झाला आणि वाडा पुढे थकलेल्या करापोटी नगरपालिकेकडे गेला.

"बघ," हे म्हणाले, "वीज खासगी असताना ९८ खोल्या. सरकारी झाल्यावर लिलाव."

आम्ही सरकारी विजेत चौतीस वर्षं काढली आणि आमचं दोन बेडरूमचं घर अजून आमच्याच नावावर आहे, हे मी त्यांच्या लक्षात आणून दिलं. पण त्यांना त्या माणसाला भेटायला जायचंय. समदुःखी म्हणून नाही, थकबाकीदार म्हणून. थकबाकीदाराचं घर बघितल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

नायगारा आमच्या पहिल्या यादीत नव्हता. तो यादीत कुणी घालत नाही, तो आपोआप येतो. व्हिसा आल्याचं सांगताच पहिला प्रश्न, "मग नायगारा?" दूधवाल्याने विचारलं, बँकेतल्या मुलीने विचारलं, माझ्या दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा असताना विचारलं. टोरंटोपासून तो १३० किलोमीटरवर आहे, म्हणजे जाऊन-येऊन अख्खा दिवस, म्हणजे मधल्या सुट्टीचा पाव हिस्सा. मी काट मारणार होते. तेवढ्यात ह्यांना कुठेतरी १९५०चा करार सापडला.

हा करार अमेरिका आणि कॅनडा यांच्यात झाला. विजेसाठी नदीचं किती पाणी वळवायचं आणि किती धबधब्यावरून सोडायचं, हे त्यात ठरलं आहे. हंगामात, दिवसा, सकाळी आठ ते रात्री दहा या वेळात धबधब्यावरून किमान १ लाख क्युसेक पाणी पडलंच पाहिजे. कारण लोक बघायला आलेले असतात. रात्री दहानंतर ५० हजारांवर आणलं तरी चालतं. हिवाळ्यात तर दिवसासुद्धा ५० हजार.

क्युसेक हा शब्द पुणेकराला समजावून सांगावा लागत नाही. पावसाळ्यात खडकवासल्यातून किती सोडलं हे आम्ही दुधाच्या भावासारखं विचारतो. पन्नास हजार म्हणजे भिडे पूल केव्हाच पाण्याखाली. आणि तिकडे पन्नास हजार ही मंदीची वेळ! पण ह्यांचा आनंद आकड्याचा नव्हता. ते खुर्चीतून उठले, चष्मा काढला आणि म्हणाले, "अगं, धबधब्याचं भारनियमन करतात!"

इतका भरून आलेला चेहरा मी त्यांचा मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. आयुष्यभर ज्या वेळापत्रकासाठी शिव्या खाल्ल्या, ते वेळापत्रक जगातला एवढा मोठा धबधबा पाळतो! आता आम्ही नायगाऱ्याला जाणार. धबधबा बघायला मी, आणि त्याच्या वरच्या अंगाला पाणी वळवायचे जे दरवाजे आहेत ते बघायला हे. रात्री दहापर्यंत थांबून पाणी कमी होताना बघायचं, असा त्यांचा प्रस्ताव आहे. परतीची बस किती वाजता, हा माझा प्रश्न 'विचाराधीन' आहे.

यानंतर खर्चाचा अंदाज. इथे मी एकदाच जिंकले, म्हणून सविस्तर सांगते. ओंटारिओत वस्तूवर लिहिलेली किंमत ही खरी किंमत नसते. काउंटरवर त्यात बहुतेकदा १३ टक्के कर चढतो. हॉटेलात जेवलं तर वर टीप, पंधरा ते वीस टक्के, आणि यंत्रच आपल्यापुढे धरतात: किती देणार, बटण दाबा. शिवाय एक सेंटचं नाणं २०१३ पासून देणंच बंद केलंय, त्यामुळे रोख पैसे देताना बिल पाच सेंटच्या पटीत वर-खाली होतं. हे चिडून म्हणाले, "ही काय पद्धत? जे लिहिलंय ते एक आणि घेणार ते भलतंच!"

मी उठले, फ्रिजवर चुंबकाने लावलेलं आमचं विजेचं बिल आणलं आणि मोठ्याने वाचलं. स्थिर आकार. वीज आकार. वहन आकार. इंधन समायोजन आकार. वीज शुल्क. मागील समायोजन. पूर्णांक देयक.

त्या संध्याकाळी खर्चावर पुढे चर्चा झाली नाही.

प्रवासाच्या तिकिटात मात्र त्यांचं पारडं जड. तिथल्या बस, ट्राम आणि मेट्रोत एकदा कार्ड टेकवलं की दोन तास कुठेही चढा, कुठेही उतरा. ६५च्या पुढच्यांना सवलत. हे अडुसष्ट, मी बासष्ट. इकडे एसटीत महिला म्हणून मला अर्धं तिकीट आणि ह्यांना ते वयाचं कार्ड दाखवल्यावर, तेव्हा मी दोन वर्षं खिडकीची जागा घेऊन त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत आले, ती नजर आता ते माझ्याकडे बघून घासूनपुसून तयार करतायत.

ट्रामचं मला वेगळं अप्रूप आहे. आई गिरगावात वाढली. १९६४ साली मुंबईची शेवटची ट्राम गेली तेव्हा माणसं कशी लोटली होती ते ती सांगायची. टोरंटोने आपल्या ट्राम मोडीत काढल्या नाहीत. अजून रस्त्याच्या मधोमध थांबतात, दार उघडतात, आणि मागच्या गाड्या दाराच्या मागेच उभ्या राहतात, कारण तसा नियम आहे. मी हा व्हिडिओ तीन वेळा बघितला. एकही दुचाकी दाराच्या बाजूने घुसली नाही. मला वाटलं, व्हिडिओ अडकलाय.

माझ्या यादीत अशाच चिल्लर गोष्टी आहेत. एक, बाटाच्या चपलांचं संग्रहालय. ब्लूर स्ट्रीटवर, इमारत खोक्यासारखी आणि वरचं झाकण जरा तिरकं. बाटा आपली कंपनी असं मी शाळेपासून धरून चालले होते. ते घराणं निघालं मूळचं चेक, आणि महायुद्धाच्या तोंडावर कॅनडात गेलेलं. शाळा उघडायच्या आदल्या आठवड्यात रांगेत उभं राहून एक नंबर मोठे बूट घेतलेल्या प्रत्येक मराठी माणसाने तिथे हजेरी लावली पाहिजे. दोन, दुधाची पिशवी. ओंटारिओत दूध पिशवीत मिळतं. एका मोठ्या पिशवीत तीन लहान, मिळून चार लिटर. पिशवी जगमध्ये उभी करतात आणि कात्रीने कोपरा कापतात. एवढी प्रगती करूनही माणूस शेवटी कात्री शोधत स्वयंपाकघरात उभाच, हे मला डोळ्यांनी बघायचंय. ते तापवत नाहीत म्हणे. मग सायीचं काय करतात, हा प्रश्न मी लेकीला विचारला तर ती म्हणाली, आई, आत्ता मीटिंगमध्ये आहे.

आणि तीन, तळं. ह्युरॉन, ओंटारिओ, मिशिगन, ईरी, सुपिरिअर. ही पाच नावं मी एकतीस वर्षं मुलांकडून घोकून घेतली, चुकली तर पुन्हा लिहायला लावली, आणि त्यातल्या एकाच्याही काठावर मी कधी उभी राहिलेले नाही. ओंटारिओ पाचांत क्षेत्रफळाने सगळ्यात लहान. तरी जवळजवळ १९ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्खा पुणे जिल्हा आत गेला तरी वर जागा उरते. शहरासमोर त्यात छोटी बेटं आहेत. पूर्वी ती जमिनीला जोडलेली होती. १८५८च्या वादळाने मधला वाळूचा पट्टा तोडला आणि भावकी वेगळी झाली. बोटीने पंधरा मिनिटांच्या आत पोचता येतं. शहराच्या विमानतळांपैकी एक तर त्यातल्याच एका बेटावर आहे. मोठा विमानतळ बहुतांशी मिसिसागात, टोरंटोच्या हद्दीबाहेर. आमचं विमान नेवार्कहून या बेटावरच्या विमानतळावर उतरणार. तिथून शहरात यायला २०१५ पासून पाण्याखालून बोगदा आहे, आणि एक बोट आहे. बोटीचं अंतर १२१ मीटर. चालत्या माणसाला फुकट. हे म्हणाले, बोगद्याने जाऊ, वेळ वाचेल. मी म्हटलं, मांडव्याच्या लाँचला आपण तासभर रांग लावतो, इथे दीड मिनिटाचं पाणी मी सोडणार नाही.

तर अशी आमची योजना मार्चमध्ये तयार झाली. एप्रिलमध्ये नातेवाइकांनी ती ताब्यात घेतली.

'टोरंटोत कुणी नाही' हे माझं विधान भूगोलाच्या दृष्टीने बरोबर आणि नात्याच्या दृष्टीने साफ चूक ठरलं. वहिनींची भाची मिसिसागाला निघाली. "मिसिसागा म्हणजे टोरंटोच," वहिनी म्हणाल्या, ज्या सुरात विरारचे लोक विरार म्हणजे मुंबईच म्हणतात त्या सुरात. ती भाची पहिल्या दिवशी जेवायला बोलावणार. मावसबहिणीचे दीर ब्रॅम्प्टनला. त्यांच्याकडे नेमका आमच्या तिसऱ्या दिवशी सत्यनारायण, आणि तिकडे भटजी मिळतात, पण सवाष्ण मिळत नाही. दुसरा दिवस आधीच १ लाख क्युसेकमध्ये वाहून गेलेला. चौथ्या दिवशी दुपारी विमान. ह्यांनी नवा कागद पसरला, भांडी ठेवली, आणि मला दिसलं की सगळ्या टोरंटो शहराला चौथ्या दिवशी सकाळी आठ ते अकरा एवढाच पुरवठा शिल्लक आहे.

त्या तीन तासांवर मी लाल पेन्सिलने रेघ मारली. शाळेतली पेन्सिल, अजून अर्धी आहे. बाजूला लिहिलं: 'बेट. बाक. डबा.' ह्यांनी एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि थकबाकीदाराचा वाडा स्वतःहून ब्रॅम्प्टनच्या वाटेवर हलवला. तो त्या वाटेवर नाही, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

आता एकच काम उरलंय, त्यासाठी हे सगळं लिहायला बसले. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकू परवा डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आल्या. सुनेचं बाळंतपण जुलैत, व्हँकुव्हरला. "टोरंटोला चाललाच आहात, तर एवढं जाता जाता." मी नकाशा काढला. टोरंटो ते व्हँकुव्हर सरळ रेषेत तेहतीसशे किलोमीटरच्या वर, मुंबई ते दुबईच्या दीडपटीहून जास्त, घड्याळातच तीन तासांचा फरक. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "पण देश एकच ना? मग द्या कुणाच्या तरी हाती." आणि डबा ठेवून गेल्या.

तर, जूनच्या शेवटच्या आठवड्यात टोरंटोहून व्हँकुव्हरला कुणी जाणार असेल तर कृपया कळवावं. लाडू एकवीस होते, आता एकोणीस आहेत. डबा स्टीलचा, झाकणावर काकूंच्या सासऱ्यांचं नाव कोरलेलं आहे. तो परत हवा आहे.